चूक ठरवणारं घर

आमच्या आईचे मुलगे जगत नसत आणि मुली मरत नसत. हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, की ते पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल असा प्रश्नही मला पडत नसे. आत्या ते भाजी निवडता निवडता म्हणायची, ताक न्यायला आलेल्या शेजारणी पायरीवर टेकून म्हणायच्या, आणि आई चुलीपुढे बसून मुकाट्याने ऐकून घ्यायची. मी आणि माझी धाकटी बहीण सुमन, आम्ही दोघी त्या वाक्याच्या शेपटाला होतो. मुली मरत नसत, म्हणजे आम्ही. तिथे बोलणाऱ्याच्या आवाजात आमच्याविषयी बारीकशी तक्रार असायची. ती मला कळायची, तिचा रागही यायचा, पण तो काढायचा कोणावर ते कळत नसे.

रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीच्या काठाकाठाने गेलं की आमचं गाव. घर चिऱ्याचं, मागे हापूसची थोडी कलमं, पुढे सारवलेलं अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते. काका मुंबईला नोकरीला आणि काकू आमच्यात. पण घर चालायचं ते आत्याच्या शब्दावर. ती अण्णांची थोरली बहीण. फार लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तिने आधी अण्णांना वाढवलं आणि मग आम्हाला वाढवायला घेतलं. सकाळी मला जाग यायची ती मागच्या पडवीतल्या तिच्या भांडी घासण्याने. भिजवलेली जुनी आमसुलं आणि चुलीतली राख घेऊन ती पूजेची भांडी घासायची, आणि त्यांत तोंड दिसेपर्यंत तिचं समाधान व्हायचं नाही. तो खरखर आवाज थांबला की मऊ भाताचा वास यायचा. त्यावर मेतकूट, तूप, आणि आदल्या दिवशीची फणसाची भाजी उरली असली तर तीही. आत्याच्या हाताला चव होती आणि जिभेला धार.

तिला नियम सगळे ठाऊक होते. ताक, सार, चिंच घातलेलं काहीही कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवायचं नाही, ते कळकतं. तांब्याच्या भांड्यात दूध तर कधीच नाही, ते दारूसारखं होतं. का होतं असं विचारलं की ‘ठेवत नाहीत’ एवढंच उत्तर मिळायचं. हे नियम खोटे नव्हते, हे मला आज सांगितलं पाहिजे. आत्याला वेड्यात काढायला मी लिहायला बसलेली नाही. तसं कोणी काढलं तर मला आजही खपणार नाही.

पहिला मुलगा मधू. तो मी फार लहान असताना तापाने गेला. त्यानंतर अण्णा आणि आत्या ग्रामदेवतेपुढे कौल लावायला गेले. आमच्याकडे अडलं की कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पितरांचं काही आहे का, नाही. देवाचं काही राहिलंय का, होय. असं विचारत विचारत निघालं ते असं, की घरातल्या मुलग्याच्या तोंडी लागणारं दूध आधी देवाचं झालं पाहिजे. मग आत्याने नैवेद्याचा पितळी गडू त्यासाठी नेमला. संध्याकाळी दूध त्यात तापवायचं, झाकून देवघरात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच मुलग्याला पाजायचं. बारसं झालं की सुरू. आईच्या अंगावर दूध होतं, पण आधी देवाचं, मग आईचं. गडू देवाचा म्हणून त्याला कल्हई नव्हती. कल्हईवाल्याच्या काळ्या चिंध्या देवाच्या भांड्याला लावायला आत्या तयार नव्हती. मुलींना ह्यातलं काहीच नव्हतं. आम्ही आईच्या अंगावर वाढलो.

मग वसू झाला. गोरा, गुबगुबीत, हसरा. दात यायच्या सुमाराला तो चिडचिडा झाला, पोट वाढलं, हातापायांच्या काड्या झाल्या, शेवटी डोळे पिवळे झाले आणि गेला. तेव्हा कौल चुकला असं कोणाच्या मनातही आलं नाही. कुठेतरी खंड पडला असणार. आत्याने आठवून आठवून शोधून काढलं, की शिमग्यात पालखी घरी आली त्या गडबडीत एकदा वसूला देवापुढे न ठेवलेलं दूध पाजलं गेलं होतं. झालं. पुढच्या वेळी जास्त जपायचं ठरलं.

पुढे मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवलं, जन्मभर शिकवलं. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात असायचं, निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष. मुलं ते घडाघडा म्हणायची आणि मला दर वर्षी तिथे चीड यायची. कारण हे सगळं आमच्या घरात होतं. आत्याने निरीक्षण केलं होतं, अनुमान काढलं होतं, प्रयोगही केला होता, एकदा नव्हे दोनदा, आणि निष्कर्ष तर काय, तयारच होता. जे नव्हतं त्याचं नाव त्या धड्यात नाही. निवृत्त होताना मुलांनी मला तांब्याची पाण्याची बाटली भेट दिली. हल्ली ती सगळ्यांकडे असते आणि पाण्याला त्यात काही होतही नाही. तरी मी ती कपाटात ठेवली ती ठेवलीच.

नंदू झाला तेव्हा मी कळत्या वयाची झाले होते. त्याला मी न्हाऊ घालायचे, झोके द्यायचे. तो माझं बोट धरून झोपायचा. आत्या त्याच्या गडवाला इतकी जपायची की दूध तापवताना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. वसूच्या वेळची चूक पुन्हा व्हायला नको होती ना. आणि दात यायच्या सुमाराला नंदू रडायला लागला. ते रडणं मला ओळखीचं होतं. भुकेचं नाही, झोपेचं नाही, एकसारखं कुरकुरणं. आई त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्या पोटावरून हात फिरवायची. तो हात एका जागी थांबायचा. मग ती माझ्याकडे बघायची. घरात सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे कळलं नसल्यासारखे जेवत होते.

त्या सुमाराला गावच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. साताऱ्याकडच्या, वयाने काकूएवढ्या, आणि बोलणं ऐकून आम्हाला हसू यायचं असं देशावरचं. लस टोचायला घरोघर फिरताना त्यांनी नंदूचं रडणं ऐकलं आणि न विचारता ओटीवर येऊन बसल्या. त्याचं पोट चाचपलं. उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली बोट टेकवून त्या हळूहळू एक कड शोधत गेल्या, ती बेंबीपर्यंत आली, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी आधीच्या मुलांचं विचारलं. मधूचं पोट वाढलं होतं का? नव्हतं, नुसता ताप. वसूचं? होतं. “मग पहिलं लेकरू वेगळ्या दुखण्यानं गेलं,” त्या म्हणाल्या. आमच्या घरात ती तीन बाळं एकाच रांगेत बसवलेली होती. त्यातलं एक कोणी उचलून बाजूला ठेवू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी दुधाचं विचारलं, गडू पाहिला, आत बोट फिरवून पाहिलं. मग अण्णांना म्हणाल्या की हाताला लागते ती कड वाढलेल्या यकृताची, हे यकृताचं दुखणं आहे, आणि त्यांना संशय आहे की पोटात तांबं जातंय. त्यांचे एक शिक्षक असं म्हणत. अजून ठरलेलं नाही. पण गडू आजच्या आज बंद करावा आणि बाळाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यावं. तिथे औषध असेल, आणि लागू पडलं तर लवकर गेल्यावरच पडेल.

आत्या दारातून ऐकत होती. “तांब्यात दूध ठेवत नाहीत हें मला कोणी शिकवायला नको हो,” ती म्हणाली. “हा पितळेचा आहे.”

“पितळेत तांबंच असतं, आत्या. तांबं आणि जस्त.”

“सोन्यातही असतं म्हणतात. मग हिच्या गळ्यातलं काढून ठेवू?” तिने आईच्या मंगळसूत्राकडे बोट केलं.

मी त्या वाक्याशी कितीतरी वर्षं भांडत राहिले. नियम आत्याला माहीत होता, कारण माहीत नव्हतं. कारण माहीत असतं तर नियम आपणहून तांब्यापासून पितळेपर्यंत पोचला असता. तो तांब्यापाशीच थांबला, आणि तिने अगदी नियम पाळूनच ते दूध तापवलं.

गडू काही बंद झाला नाही. कौल लावल्याशिवाय देवाचं मोडता येत नाही असं आत्याने सांगितलं, अण्णांनी मान हलवली, आणि कौल लावायचा तो सोमवारी. मधल्या दिवसांत मी एकटी दवाखान्यात गेले. मला रडायचं नव्हतं, पण मी रडले. तुम्हाला खात्री का नाही, असं मी त्यांना विचारलं. खात्री असती तर अण्णांनी ऐकलं असतं. आत्याला बघा किती खात्री आहे.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या. “माझं खरं असेल तर असं पोट फक्त पितळेतलं दूध प्यालेल्या लेकरांचं व्हायला पाहिजे. तू गावात हिंड. पण माझं बरोबर ठरवणारी घरं शोधू नकोस, ती हवी तेवढी मिळतील. मला चूक ठरवणारं घर शोध. एक सापडलं तरी बास.”

मी हिंडले. असं काम कोणी कोणाला सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. खाडीकाठच्या मासे मारणाऱ्यांच्या घरांत गेले, बौद्धवाडीत गेले. तिथेही बाळं गेलेली होतीच, जुलाबाने, तापाने, पण असं पोट कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीची आई म्हणाली, “आमच्याकडं गाय कुठली बाय, नि पितल तरी कुठला? अंगावर पितात तोवर पितात.” मग बागायतदारांच्या आळीत गेले, आणि तिथे एकेका घरात पदराने डोळे पुसत बायकांनी मला वसूच सांगितला. नाव वेगळं, पोट तेच. मी बाहेर पडून आंब्याच्या बुंध्याशी उभी राहिले. डॉक्टरीणबाईंचं खरं होतं, म्हणजे नंदू वाचू शकत होता. सोमवार मात्र अजून आला नव्हता, आणि घरी ते दूध चालू होतं.

आणि मग सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या माळावर, शेवटच्या टोकाला मला ते घर सापडलं. मोठी गाय, मोठं पितळी पातेलं, बाळांना बारशापासून त्यातलंच दूध, आणि अंगणात धट्टेकट्टे मुलगे खेळत होते. खोटं सांगावं असं वाटलं, की असं घर सापडलंच नाही. पण मी खाली आले आणि सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. “मग बहुतेक माझं चुकतंय,” त्या म्हणाल्या. त्या असं म्हणतील ही कल्पनाच मी केली नव्हती. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. आत्या नाही कधी असं म्हणायची.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. “एक बघायचं राहिलं. त्या पातेल्याला कल्हई आहे का? कल्हईचा थर असला की दुधाला पितळ लागत नाही. आतून पांढरं असेल तर माझं म्हणणं टिकलं. पिवळं असेल तर गेलं. आता, बघायच्या आधी सांगते. नंतर मला फिरवता येणार नाही.”

मी पुन्हा सडा चढले. ऊन असं होतं की कातळावर पाय ठरत नव्हता. त्या घरच्या बाईला पाणी मागितलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत पाहिलं. पातेलं पालथं होतं. बघू का म्हटल्यावर तिने हसून ते उलटं केलं. आत पांढरंशुभ्र. मी उंबऱ्यावरच बसले आणि हुंदके द्यायला लागले. तिने घाबरून मला गूळ दिला आणि पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं ऊन लागलं.

पुढे वर्गात मुलं विचारायची, बाई, पण शास्त्रज्ञही पळवाटा काढतात की. काढतात. वसू गेल्यावर आत्यानेही पळवाट काढली होती. पण शिमग्याच्या त्या दिवशी खरंच काही चुकलं होतं का, आणि त्यानेच काही झालं का, हे जाऊन बघण्यासारखं कुठेच नव्हतं. डॉक्टरीणबाईंची पळवाट सडा चढून, पातेलं उलटं करून बघता येत होती, आणि ते पिवळं निघालं असतं तर त्यांना गप्प बसावं लागलं असतं. इतकं सांगून मी फळ्याकडे वळायचे, कारण पुढचं मला मुलांना सांगता येत नसे.

सोमवारी दुपारी आम्ही देवळात गेलो. आई नंदूला घेऊन खांबाला टेकून बसली होती. त्याचा रडण्याचा आवाज आता बारीक झाला होता. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, लेकरू तुझा हाय, काय चुकला माकला असंल तर पदरात घे.” आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणालो. मीही म्हणाले, मनापासून म्हणाले. मुंबईला न्यावं का? आम्ही बघत राहिलो. डावी कळी सुटली आणि खाली आली.

आत्याने डोळे मिटून हात जोडले. आईच्या तोंडून एक आवाज आला. तो मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि मी अण्णांच्या पुढे जाऊन उभी राहिले. मला त्यांचं धोतर धरून त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

“अण्णा, वसू गेला तरी कौल खरा. आता हा राहिला तर कौल खरा, गेला तर आपलं चुकलं. मग काय झालं तर कौल चुकला असं आपण म्हणू?”

“उषे, असं विचारत नाहीत.”

“पण सांगा ना. काय झालं तर?”

अण्णा मास्तर होते. रोज मुलांना प्रश्न घालणारा माणूस. ते उत्तर शोधायला लागले हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते शोधत राहिले, शोधत राहिले, आणि त्यांना काही सापडलं नाही. घरी आल्यावर आईला म्हणाले, कपडे भर. आत्या देवघरात जाऊन बसली. ती आडवी आली नाही, पण निघताना बाहेरही आली नाही.

एसटीने ते दोघं नंदूला घेऊन गेले. त्या दिवसांतलं मला एकच स्पष्ट आठवतं. आत्या रोज संध्याकाळी गडवात दूध तापवून देवापुढे ठेवत राहिली, बाळ घरात नसताना. सकाळी ते तुळशीत ओतून यायची. एकदा मी तिला अडवायला गेले, तर तिचे डोळे बघून मागे फिरले. ती काही कोणाचा जीव घेत नव्हती. तिला दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि काहीच न करणं तिला जमत नव्हतं.

आई आणि अण्णा परत आले तेव्हा आईच्या हातात फक्त दुपटं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनीही यकृताचंच सांगितलं होतं आणि उशीर झाला म्हणाले होते. आत्या म्हणाली, कौल मोडला म्हणून गेला. ती हे ओरडून म्हणाली नाही, भिंतीकडे बघत म्हणाली.

माझी खात्री होती की आता अण्णा तिला काहीतरी बोलतील. पण काही दिवसांनी ते दवाखान्यात गेले आणि मलाही बरोबर नेलं. तिथे उभ्याउभ्याच म्हणाले, “बाई, राग मानू नका. पण तुमचंही तसंच झालं. जगला असता तर औषधाने, गेला तर उशीर.”

“खरंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नंदूवरनं काहीच सिद्ध होत नाही.” त्यांचे डोळे भरले होते. मग त्या म्हणाल्या की ज्या लेकराला तो गडू पहिल्यापासून लागणार नाही त्याला हे दुखणं होणार नाही, आणि झालं तर आपलं साफ चुकलं असं त्या स्वतः घरी येऊन सांगतील. काकूला दिवस गेले होते. आमच्या तिघांच्याही मनात तेच आलं आणि कोणी काकूचं नाव घेतलं नाही.

काकू माहेराहून परत आली ती मुलगा घेऊनच. श्रीधर, आमचा शिरू. बारशाच्या दुसऱ्या दिवशी आत्या गडू घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी आली. काकू बाळाला छातीशी धरून मागे सरकली, पण नको म्हणायची तिची हिंमत नव्हती. अण्णा ओटीवर येरझाऱ्या घालत होते. आत्या रडत होती. आधीच कौल मोडलाय, ती म्हणाली, आता हेही नाही पाजलं तर हा पोर चालायला लागायच्या आत जाईल, माझं ऐका. तिचा एकेक शब्द मला आठवतो, कारण आमच्या घरात तोवर पुढचं असं कोणी सांगितलं नव्हतं. सगळं सांगणं झाल्यानंतरचं असे. आता एकीकडे जगेल, दुसरीकडे जाईल, आणि मध्ये ते एवढंसं बाळ.

तेव्हा स्वयंपाकघरातून आई आली. नंदू गेल्यापासून ती कोणाशी बोलतच नव्हती. तिने आत्याच्या हातातून गडू काढून घेतला, हिसकावून नाही, नुसता काढून घेतला, आणि म्हणाली, “वन्सं, ह्याचं दूध मी बघेन.” काकू त्याला अंगावर पाजत होती. पुढे वरचं दूध लागलं तेव्हा आई ते स्टीलच्या पातेल्यात स्वतः तापवायची, स्वतः पाजायची, आणि रोज न्हाऊ घालताना त्याच्या पोटावर बरगड्यांखाली बोट टेकवून ती कड शोधायची. मी ते बघायचे आणि मला ते बघवत नसे. मला वाटायचं तिला आनंद व्हायला हवा. कड कधीच लागत नव्हती. पण शिरू जसजसा अंगाने भरत गेला तसतशी आई सुकत गेली. तिचं जेवण तुटलं.

एकदा दुपारी ती मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. शिरू शेजारी दुपट्यावर पालथा पडून पुढे सरकायची धडपड करत होता. सूप थांबवून ती म्हणाली, “उषे, हा जगला नाही, तर वसू नि नंदूला माझ्या हातून काही झालं नाही. देवाचं होतं, देवाने नेलं. आणि हा जगला, तर ते दूध मीच पाजलंय. वन्सं तापवायच्या. मांडीवर घेऊन पाजलं मी. थोडं उरलं तर उठवून पाजलं.”

मी कसंबसं विचारलं, मग तू का करतेस हे सगळं.

“म्हणजे काय? जगायला नको का तो?” असं म्हणून तिने पुन्हा सूप हातात घेतलं.

शिरू चालला तो ऐन आंब्याच्या दिवसांत. ओटीवर आढीतले आंबे पसरलेले होते आणि त्यातून वाट काढत, खांबाला धरून, मग खांब सोडून तो पावलं टाकायला लागला. काकू टाळ्या वाजवत होती, अण्णा हसत होते, सुमन ओरडत घरभर धावली. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं होतं. त्यांनी त्याचं पोट पाहिलं आणि मान हलवली, काही नाही म्हणून. आत्या बराच वेळ शिरूकडे बघत उभी होती. मग ती आईजवळ आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाली, “इंदू, देवाने पदरात घेतलंन हो शेवटी. सगळं माफ केलंन. तुझं काही चुकलं नव्हतं गो.”

हे बोलणं आईला घेता आलं असतं. अण्णांनी घेतलं, मला दिसलं ते, त्यांचे खांदे सैल पडले. काकूने घेतलं. कोणी तिला अडवलं नसतं, डॉक्टरीणबाईंनीही नाही. त्या तर खाली मान घालून उभ्या होत्या. मी मनातल्या मनात आईला विनवत होते, की हो म्हण, तू तरी हो म्हण.

“नाही वन्सं,” आई म्हणाली. “हा जाईल असं आपण आधी म्हटलं होतं. नाही गेला. ह्या बाईंचं खरं निघालं.”

शिरू आंब्यांमधून वळला आणि दोन्ही हात पुढे करून, रोजच्या सवयीने, आईकडे चालत आला. तिच्या गुडघ्यांशी येऊन तो उभा राहिला आणि उचलून घ्यायची वाट बघत वर बघायला लागला. आईने आपले हात पदराखाली घेतले. तो रडायला लागला, तेव्हा काकूने येऊन त्याला उचललं.